मागच्या आसनावरचा पट्टा

पैनगंगेच्या कांठीं राहणाऱ्या माणसाला दोन राज्यांची तुलना करण्याची खोड जन्मतःच लागलेली असते. आमचें हिमायतनगर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचें वाढोणा, १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या मुलुखांत होतें. आणि नदी ओलांडली कीं उमरखेडच्या बाजूस वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. अलीकडे करोडगिरीचा नाका, पलीकडे दुसरे कायदे आणि दुसऱ्या कचेऱ्या. "तिकडे असें असतें, इकडे तसें असतें" हा आमच्या ओसरीवरील बोलण्याचा कायमचा विषय होता, आणि तिकडचें तें सगळें चांगलें असें म्हणणारे व इकडचेंच बरें असें म्हणणारे असे दोन पक्ष प्रत्येक घरांत असत. एक गोष्ट मात्र दोन्ही तीरांवर सारखी होती. गाडी डाव्या अंगानें हाकावी, समोरून येणाऱ्यास उजवी बाजू द्यावी, एवढा नियम बैलांनाहि पाठ होता.

गेल्या दिवाळींत ही जुनी खोड आमच्या घरांत पुन्हां उफाळून आली, आणि या खेपेस तुलना पैनगंगेच्या दोन तीरांची नव्हे, तर भारत आणि स्वीडन या दोन देशांची होती.

माझा पुतण्या स्वीडनमधील गोथेनबर्ग या शहरीं नऊ वर्षें नोकरीस आहे. तो, सूनबाई आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी असे तिघे धनत्रयोदशीच्या दिवशीं आगगाडीनें नांदेडास उतरले. त्यांना आणावयास मी आणि माझी मातोश्री अशीं दोघें भाड्याची सात आसनांची मोटार करून गेलों होतों. आईचें वय ८८. परंतु नातवाला स्टेशनावर आपणच पहिल्यानें पाहावें हा तिचा हट्ट. सामान चढलें, सर्व मंडळी बसली, आणि गाडी सुरू होण्यापूर्वीं पुतण्यानें विचारलें, "काका, मागचे पट्टे कोठें आहेत?"

पट्टे होते, पण ते आसनावर चढविलेल्या खोळीच्या खालीं गेले होते. ड्रायव्हर हसून म्हणाला, "साहेब, मागें पट्टा कोण लावतो? पुढचासुद्धां आम्ही टोलनाक्यापुरताच लावतों." आई म्हणाली, "अरे, मी काय पळून जाणार आहें, मला बांधून ठेवायला?" पुतण्यानें कोणालाच उलट उत्तर दिलें नाहीं. त्यानें खोळीच्या शिवणीखालीं हात घालून एक एक पट्टा बाहेर काढला, एक ठिकाणीं शिवण उसवावी लागली त्याचे पैसे ड्रायव्हरला आधींच देऊं केले, मुलीसाठीं बरोबर आणलेली उंच गादी मधल्या आसनावर मांडली, आणि आईच्या पदराला चुण्या पडूं नयेत अशा बेतानें तिचा पट्टा स्वतः अडकविला. या सर्व खटाटोपांत वीस मिनिटें गेलीं. ड्रायव्हरला तो आपल्या हातोटीचा अपमान वाटला, हें त्याच्या मानेवरून दिसत होतें. खरें सांगावयाचें तर मलाहि तें थोडें अतिरेकी वाटलें. परदेशीं राहून आलेला माणूस विमानांतून उतरतांच येथल्या धुळीविषयीं बोलूं लागतो, त्यांतलाच हा एक प्रकार, असें माझ्या मनांत येऊन गेलें. पण तें मन मीं लगेच आवरलें, कारण या मुलाला पट्टा कां हवा असतो याचें कारण मला ठाऊक होतें, आणि आईलाहि ठाऊक होतें.

१९९६ सालच्या मार्गशीर्षांत माझा धाकटा भाऊ, म्हणजे या पुतण्याचे वडील, भोकरहून मोटारसायकलीवर घरीं परत येत होता. दिवस मावळून घटकाभर झाला होता. रस्त्याच्या कडेस उसानें भरलेली ट्रॉली चाक निखळून उभी होती. मागें दिवा नाहीं, तांबडी चकाकती पट्टी नाहीं, सावध करण्यासाठीं दगड किंवा फांदीहि ठेवलेली नाहीं. त्याचें हेल्मेट घरीं खुंटीवर होतें. "भोकरापर्यंतच तर जावयाचें आहे," असें म्हणून तो निघाला होता. तो तेथें किती वेळ पडून होता हें आम्हांला नक्की कधींच कळलें नाहीं. दोन मोटारी आणि एक मालमोटार थांबल्यासारखें करून निघून गेल्या, असें शेजारच्या शेतावरील जागल्यानें पुढें सांगितलें. त्यांना दोष द्यावा असें मला त्या वेळीं वाटे, आतां तितकेंसें वाटत नाहीं. पंचनामा, साक्ष, कचेरीचे हेलपाटे, "तूंच धडक दिलीस" असा आरोप, या सर्वांची भीति तेव्हां चांगल्या माणसांनाहि होती. मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता.

या भीतीवर कायद्यानें पुढें उपाय केला, हें येथें सांगून ठेवतों, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतहि तें ठाऊक नसतें. ३० मार्च २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अपघातांतील जखमीस मदत करणाऱ्या माणसाच्या संरक्षणाचे नियम सर्व देशास बंधनकारक केले, आणि २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत तसें स्वतंत्र कलमच घालण्यांत आलें. जखमीला रुग्णालयांत पोंचविणाऱ्यास आपलें नांव सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं, त्याला तेथें अडवून ठेवतां येत नाहीं, आणि उपचाराचा खर्च त्याच्याकडे मागतां येत नाहीं. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. १९९६ सालीं यांतलें कांहींच नव्हतें.

दिवाळीचे चार दिवस पुतण्या आणि मी ओसरीवर बसून जुन्या पक्षांप्रमाणें वाद घालीत होतों. मीं इकडची बाजू घेतली होती. मला अशी समजूत होती कीं तिकडचे कायदे कडक आणि आपले सैल, म्हणून हा फरक. पण कागदावर दोन्ही देशांचे नियम शेजारीं शेजारीं मांडले तेव्हां माझ्या पक्षाला आणि त्याच्याहि पक्षाला एकाच वेळीं धक्का बसला. तेथें चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तांत २० मिलिग्रॅम मद्य सांपडलें कीं गुन्हा. आपल्याकडे ३० मिलिग्रॅमला. म्हणजे या बाबतींत आपला कायदा इंग्लंड-अमेरिकेपेक्षां कितीतरी कडक आणि स्वीडनच्या अगदीं लगत आहे. मागच्या आसनावर पट्टा तेथें मोठ्या माणसांना १९८६ पासून सक्तीचा. आपल्याहि नियमांत मागच्या आसनावर पट्टा सक्तीचाच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठीं एक हजार रुपये दंड आहे. मुलांसाठीं तेथें उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत निराळें आसन किंवा उंच गादी लागते; आपल्याकडेहि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय किंवा बालासनाशिवाय नेणें हा गुन्हाच आहे. इतकें सारखें असतांना आंकडे पाहावे तर २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्याच वर्षीं स्वीडनांत २२७. लोकसंख्येचा हिशेब अर्थातच केला पाहिजे. तो देश जेमतेम एक कोटीचा. तरी त्यांच्या प्रमाणानें मोजलें तर आपल्याकडे तीस-एकतीस हजार मृत्यु व्हावयास हवे होते. आणि तेथें जवळजवळ दर दोन माणसांमागें एक मोटार आहे, तेव्हां वाहनें थोडीं म्हणून मृत्यु थोडे, असेंहि म्हणण्याची सोय नाहीं.

मागच्या आसनाचीच गोष्ट घ्या. आपल्या मराठवाड्यानें ती फार महाग किंमत देऊन पाहिली आहे. ३ जून २०१४ रोजीं सकाळीं गोपीनाथराव मुंडे दिल्लींत विमानतळाकडे निघाले असतांना त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीनें धडक दिली. केंद्रांत मंत्री होऊन त्यांना आठवडाच झाला होता. ते मागच्या आसनावर बसले होते. पट्टा लावलेला असता तर आपला सहकारी वांचला असता, ही हळहळ तेव्हांचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनीं पुढें जाहीरपणें बोलून दाखविली. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत उद्योगपति सायरस मिस्त्री गेले, तेहि मागच्याच आसनावर आणि पट्ट्यावांचून. धडकेच्या क्षणीं मोटार थांबते, पण आंतील माणूस मोटारीच्याच वेगानें पुढें जात राहतो. पुढें काय येतें, एवढाच प्रश्न असतो. आपल्या लोकांत मागचें आसन हें मानाचें आसन. तेथें यजमान बसतो, वडील माणूस बसतो, नवी सून बसते. मानाच्या जागीं बसलेल्यानें स्वतःला बांधून घ्यावें ही कल्पना आपल्या मनाला मुळांतच रुचत नाहीं, आणि मला वाटतें खोळीखालीं पट्टे गडप होण्याचें खरें कारण हेंच आहे. तीन ठिकाणीं आवळणारा जो पट्टा आज साऱ्या जगांत आहे तो १९५९ सालीं स्वीडनांतल्याच नील्स बोलिन या इंजिनिअरानें व्हॉल्व्हो कंपनींत असतांना काढला, आणि कंपनीनें त्याचें पेटंट इतर मोटारवाल्यांना मोकळें करून दिलें. तेव्हां तो आपल्या मोटारींतहि फुकटच आला आहे. फक्त खोळीखालून बाहेर काढावयाचा आहे.

कायदा सारखा तर फरक कोठें, याचें एक उत्तर पुतण्याच्या परवान्याच्या हकीकतींत मिळालें. भारताचा परवाना स्वीडनांत, तेथील रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून, एक वर्षच चालतो. नंतर सर्व परीक्षा पहिल्यापासून. त्याला नांदेड, पुणें, मुंबई येथें मोटार चालविण्याचा आठ वर्षांचा अनुभव. त्याला वाटलें, ही केवळ उजवी-डावीची अदलाबदल आहे, पंधरा दिवसांत सरावेल. लेखी परीक्षेंत ६५ पैकीं ५२ गुण पाहिजेत. त्याशिवाय दोन निराळे पाठ: एक दारू, झोप आणि थकवा यांचा, दुसरा मुद्दाम निसरड्या केलेल्या रस्त्यावर नेऊन, तुमच्या हातांतून मोटार कशी सुटते हें तुम्हांलाच दाखविणारा. या दुसऱ्या पाठाचा हेतु चालविण्याची कसरत शिकविणें हा नसून, आपल्याला वाटतें तितकें आपल्याला येत नाहीं हें पटविणें हा असतो. मला हें फार आवडलें. अशी एखादी निसरडी जागा इतर विद्यांच्या परीक्षांतहि ठेवतां आली तर बरें होईल.

तरीहि प्रत्यक्ष परीक्षेंत तो पहिल्या खेपेस नापास झाला. वस्तींतील एका साध्या चौकांत, जेथें पाटी नाहीं, दिवा नाहीं, पोलीस नाहीं, तो सरळ पुढें निघाला. उजव्या हाताच्या लहानशा गल्लींतून एक मोटार येत होती. परीक्षकानें आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय दिला आणि परीक्षा तेथेंच संपली. नियम असा कीं, कोणतीहि खूण नसलेल्या चौकांत उजवीकडून येणाऱ्यास आधीं जाऊं द्यावें, मग तो मोटारींत असो वा सायकलीवर. "मला हा नियम अगदीं नवा होता, काका," पुतण्या म्हणाला. "मी समजत होतों, मोठ्या रस्त्यावरच्याचा हक्क पहिला, आणि मोठी गाडी असली तर त्याहून पहिला." आतां गंमत अशी कीं हा नियम आपल्याकडेहि आहे! १९८९ सालच्या आपल्या रस्त्याच्या नियमांत तो स्पष्ट लिहिलेला होता आणि २०१७ च्या नव्या नियमांतहि आहे: खुणा नसलेल्या चौकांत उजव्या हाताकडून येणाऱ्या वाहनास वाट द्यावी. आम्ही दोघांनीं तो वाचून पाहिला आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलों. मी चाळीस वर्षें वाहन चालवितों. मला तो कोणीं सांगितला नव्हता, आणि परवाना घेतांना मला कोणीं विचारलाहि नव्हता. मीं जमिनीवर आंखलेला आठचा आंकडा स्कूटरवरून एकदां काढून दाखविला. मोटारीचा परवाना तर मोटारींत न बसतांच माझ्या हातीं आला. ती कचेरी कोणती हें सांगण्यांत आतां अर्थ नाहीं, कारण अशा कचेऱ्या पुष्कळ होत्या, आणि मीं तेव्हां ती सोय आनंदानें पत्करली होती.

याचा अर्थ तिकडची माणसें जातीनेंच शहाणीं, असा करूं नये. १९६६ सालीं त्या लहानशा देशांत १,३१३ माणसें रस्त्यावर मेलीं होतीं, म्हणजे आजच्या जवळजवळ सहापट. तोंपर्यंत स्वीडनमध्यें वाहनें आपल्यासारखींच डावीकडून चालत, हें पुष्कळांना ठाऊक नसेल. शेजारीं नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून. आणि गंमत म्हणजे स्वीडनच्या बहुतेक मोटारींचीं चक्रेंहि उजवीकडच्या रहदारीला सोयीचीं, म्हणजे डाव्या हाताला होतीं. १९५५ सालीं लोकांना विचारलें तर शेंकडा ८३ लोकांनीं बदल नको म्हटलें. सरकारनें १९६३ सालीं तरीहि बदल ठरविला, आणि ३ सप्टेंबर १९६७, रविवारीं पहांटे तो केला. ४ वाजून ५० मिनिटांनीं रस्त्यावरील प्रत्येक वाहन थांबलें, हळूच उजव्या अंगास सरकलें आणि पांच वाजेपर्यंत उभें राहिलें. मग सारा देश उजवीकडून चालूं लागला. लोकांना वाटलें होतें, आतां प्रेतांचा खच पडेल. झालें उलटेंच. प्रत्येक जण इतका भिऊन, इतका पाहून चालवूं लागला कीं त्या वर्षीं मृत्यूंचा आंकडा १,०७७ वर आला. पण पुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे: भीति मोडली, हात सरावले, आणि १९७० सालीं आंकडा पुन्हां तेराशांच्या घरांत गेला. (उजवी-डावी ही गोष्ट स्वतः फारशी महत्त्वाची नाहींच. ब्रह्मदेशानें १९७० सालीं डावी सोडून उजवी धरली. पोर्तुगालनें १९२८ सालीं उजवी धरली तरी गोव्यांत त्यांनीं डावीच ठेवली, कारण सरहद्दीपलीकडे आपण होतों.)

म्हणून स्वीडनवाल्यांनीं माणसाच्या सावधपणावर विसंबणें हळूहळू सोडून दिलें. १९९७ सालच्या ऑक्टोबरांत त्यांच्या संसदेनें एक ठराव केला. क्लास टिंगवाल नांवाच्या तज्ज्ञाची ती मुख्य कल्पना. माणूस चुकणारच, तो दमलेला असेल, भांडून निघाला असेल, लेंकराकडे वळून पाहत असेल. त्या चुकीला मरण ही शिक्षा असूं नये, अशा रीतीनें रस्ता बांधावा, आणि तसा न बांधला तर दोष बांधणाऱ्याचाहि धरावा. पायीं चालणारा आणि मोटार जेथें एकत्र येतात तेथें ताशीं ३० किलोमीटरहून अधिक वेग नको, कारण त्या वेगाची धडक माणूस बहुधा सोसतो, पन्नासाच्या धडकेंत मरणाचा धोका कितीतरी वाढतो. तेरा मीटर रुंदीच्या जुन्या रस्त्यांवर १९९८ पासून त्यांनीं मधोमध पोलादी तारांचें कुंपण घातलें आणि एका बाजूस दोन, दुसऱ्या बाजूस एक अशा वाटा कांहीं अंतरानें आलटून पालटून दिल्या. ओलांडून पुढें जाण्याची घाई असलेल्याला आपली पाळी येईपर्यंत थांबावें लागतें, आणि समोरासमोर धडक होतच नाहीं. अशा रस्त्यांवरील मृत्यु निम्म्याहून पुष्कळ कमी झाले. आपल्याकडे अपघात झाला कीं "चालकाचा निष्काळजीपणा" एवढे दोन शब्द लिहून कागद मिटतो. वळण कसें होतें, झाड कोठें होतें, गतिरोधकाला पांढरा रंग होता कीं नव्हता, हें कोणी विचारीत नाहीं.

येथें मीं माझा पक्ष पुन्हां उचलला. "तुझें कुंपण आमच्या रस्त्यावर घालून दाखव," मीं म्हटलें. आमच्या रस्त्यावर आश्विन-कार्तिकांत सोयाबीन वाळत असतें, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, बैलगाडी असते, म्हशी असतात, वरात असते, परमेश्वराच्या यात्रेला निघालेलीं माणसें असतात; शेताच्या बांधावरून चढणारी सायकल त्या तारेला वळसा घालण्यासाठीं दोन मैल जाईल काय? ती उलट्या बाजूनेंच येईल. पुतण्यानें हें मान्य केलें. तो म्हणाला, "कुंपण नको, काका. ट्रॉलीच्या मागें तांबड्या चकाकत्या कागदाची पट्टी लावा. तिला किती पैसे लागतात?" त्यावर मला बोलतां आलें नाहीं. ऊस घेऊन जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला अशी पट्टी असावी असा नियम आहे, आणि गळिताच्या आरंभीं कांहीं ठिकाणीं ती समारंभपूर्वक लावतातहि. मीं त्या संध्याकाळीं फिरावयास जातांना मोजलें. नऊ ट्रॉल्या गेल्या, तीन ट्रॉल्यांना पट्ट्या होत्या, त्यांतील एकीची चिखलानें झांकलेली.

आवाजाविषयीं मात्र आईनें आमचा वाद निकालांत काढला. तेथें भोंगा वाजविणें म्हणजे समोरच्याला शिवी दिल्यासारखें, हें ऐकून ती म्हणाली, "मग रस्त्यावर सुतक असल्यासारखेंच वाटत असेल." महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं मालमोटारींच्या पाठीवरील "हॉर्न ओके प्लीज" ही अक्षरें बंद केलीं, हें सांगितलें तरी तिचा विश्वास बसला नाहीं, त्यानंतरहि तिनें तीं अक्षरें पुष्कळदां वाचलीं होतीं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास जाण्याचें ठरलें. एकत्र कुटुंबांत अशा बेताचा हिशेब माणसांवरून होत नाहीं, गाडीवरून होतो: गाडी एक आहे, म्हणून सगळे तींत बसतील. आम्ही अकरा होतों. पुतण्यानें दोन फेऱ्या कराव्या असें सुचवितांच स्वयंपाकघरांतून नाराजीचे सूर उमटले. दुसऱ्या फेरींत कोण जाणार, म्हणजे मागें कोणाला ठेवणार, हा प्रश्न नियमाचा नव्हता, मानाचा होता. शेवटीं दुसरी मोटार भाड्यानें आणली. माझ्या नातवानें मात्र सांगितलें, "मी मोटारसायकलीवर पुढें होतों."

हा नातू म्हणजे माझ्या थोरल्या मुलाचा मुलगा. त्याला सोळावें लागलें आहे. शिकवणीला, दळणाला, स्टेशनावर, तो सव्वाशे सी.सी.च्या मोटारसायकलीवर जातो, आणि किल्ली त्याला कोण देतो असें विचाराल तर मी देतों. त्याची उंची बापाएवढी आहे, हात स्थिर आहे, आणि गांव लहान आहे, हीं माझीं कारणें. पुतण्यानें मला कायदा दाखविला. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं फक्त ५० सी.सी.च्या आंतील, गिअर नसलेल्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षीं मिळतो. बाकी कांहीं नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षेंपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाहीं. गाडी माझ्या नांवावर आहे.

कायदा मीं मुकाट्यानें वाचला. मग पुतण्यानें हळू आवाजांत विचारलें, "काका, बाबांचें कसें झालें, हें याला कोणीं सांगितलें आहे का?"

सांगितलेलें नव्हतें. आमच्या घरांत भावाची तसबीर दिवाणखान्यांत आहे, तिला हार आहे, श्राद्ध आहे. पण त्या संध्याकाळविषयीं आईसमोर बोलावयाचें नाहीं असा एक न बोललेला नियम २८-२९ वर्षें चालत आला आहे. नातवाला एवढेंच माहीत होतें कीं एक चुलत आजोबा "अपघातांत गेले". हेल्मेट खुंटीवर राहिलें होतें, हें त्याला माहीत नव्हतें. पुतण्यानें त्याला त्या रात्रीं गच्चीवर नेऊन सर्व सांगितलें. दुसऱ्या दिवशीं मुलगा मोटारींतून सहस्रकुंडास आला, आणि मधल्या आसनावर आईच्या शेजारीं पट्टा लावून बसला. २०२२ सालीं आपल्या देशांत हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दुचाकीवर मेले, हा आंकडा पुतण्यानें मला सांगितला होता. नातवाला त्यानें तो सांगितला नाहीं.

निघण्यापूर्वीं त्यानें नांदेडहून तीन हेल्मेटें आणून दिलीं: एक माझ्या मुलाला, एक थोरल्या सूनबाईंना, एक नातवाला, तो अठरा वर्षांचा होईल तेव्हांसाठीं. थोरल्या सूनबाई पहिल्याच दिवशीं म्हणाल्या, "अहो मामंजी, अंबाड्यावर हें बसत नाहीं." त्यांचें म्हणणें खरेंच आहे; हेल्मेटें करणाऱ्यांनीं अंबाड्याचा विचार केलेला दिसत नाहीं. आतां त्या बाहेर जातांना वेणी घालतात. मोटारसायकलीची किल्ली सर्वानुमतें आईच्या ताब्यांत गेली. ती तिनें देवघराच्या फडताळांत, निरांजनांच्या डब्यामागें ठेवली. नातू दहा-बारा दिवस धुसफुसला, मग सायकलीची हवा भरून तिच्यावरून शिकवणीस जाऊं लागला.

गेल्या शनिवारीं रात्रीं साडेदहाला मला दम्याचा झटका आला, आणि पंप रिकामा निघाला. मुलगा परगांवीं होता. औषधाचें दुकान स्टेशनाच्या बाजूस. सायकलीवरून जाऊन येण्यास अर्धा तास लागला असता. आई उठली, फडताळ उघडलें आणि किल्ली स्वतःच्या हातानें नातवाला दिली. त्यानें हेल्मेट घातलें. पण हनुवटीखालचा पट्टा अडकविलेला नव्हता, हें मला खाटेवरून दिसलें, आणि ओरडून सांगण्याइतका श्वास माझ्यापाशीं नव्हता. तो दहा मिनिटांत परत आला. तीं दहा मिनिटें आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

काल पुतण्यानें फोनवर लिहून विचारलें आहे, किल्ली अजून आजीकडेच आहे ना? त्याला उत्तर अद्याप लिहावयाचें आहे.